आंघोळींवर पोसलेला कोबा

मन्मथअप्पांच्या घरात मी पहिल्यांदा गेले ती अडकूनच. फाटकापासून ओट्यापर्यंत एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट होती. उजव्या हाताला शहाबादी फरशांची छातीइतकी उंच थप्पी, डाव्या हाताला खडीचा आणि वाळूचा ढीग, आणि मधे मी, काखेत वळकटी घेऊन. वळकटीची दोरी फरशीच्या कोपऱ्याला गुंतली. मागून आई ढकलत होती. तेवढ्यात ओट्यावरून, तोंडाला दोन्ही हातांचं नरसाळं लावून दिलेला आवाज आला.

"नांदेडहून आलेल्या बाईंनी गाडी मागं घ्यावी. मागं... अजून मागं. हां. आता डावीकडनं काढा."

मी मागं सरले, डावीकडून निघाले आणि खरंच सुटले. ओट्यावर स्टुलावर एक उंच, वाळका माणूस बसला होता. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात खाकी सदरा. आमचे घरमालक. उभी हयात एसटीत गेलेली. आधी कंडक्टर म्हणून मुखेड-भोकरचे रस्ते तुडवले, मग लातूरच्या स्टँडवर कंट्रोलर झाले. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण खाकी सदरा आणि आवाज दोन्ही त्यांनी घरी आणले होते.

"दोन खोल्या न् मोरी," अप्पा म्हणाले. "पाणी आडाचं. अंगणाचं काम चालू हाय, जरा सांभाळून."

अंगणाचं काम चालू आहे हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा फरशा-खडी येऊन आठ महिने झाले होते. काम आणखी दोन वर्षं तसंच 'चालू' राहणार होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादेतून फुटून आपला वेगळा जिल्हा झाला याचा लोकांना एवढा आनंद होता की भाजीवालीसुद्धा "जिल्ह्याची वांगी" म्हणून ओरडायची. मी कचेरीत टायपिस्ट. कचेरी उसन्या इमारतीत होती. शिक्के आले होते, खुर्च्या यायच्या होत्या. जुन्या कागदांवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' टाइप करणं हे माझं पहिल्या महिन्याचं मुख्य काम.

अप्पांच्या अंगणाचं मूळही या जिल्हा होण्यातच होतं. आधीच्या पावसाळ्यात त्यांच्या बायको, गंगाक्का, अंगणातल्या काळ्या चिखलात घसरून पडल्या होत्या. कंबर महिनाभर धरली होती. त्या एकदाच म्हणाल्या, "मला पाय ठेवायला कोरडी जागा करून द्या." अप्पा एवढ्यावर हलले नसते. पण त्याच आठवड्यात जिल्हा जाहीर झाला, आणि त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, "आपण आता जिल्ह्याचे झालो. अंगण तालुक्याचं ठिवून कसं जमंल?"

प्रश्न एवढाच होता, फरशी बसवायची का सिमेंटचा कोबा ओतायचा.

मी एकदा विचारलं, "अप्पा, मग दोन्ही कामून आणून ठेवलं?"

"एकच आणलं असतं तर तेच बसवावं लागलं असतं," अप्पा म्हणाले.



अप्पा परगावच्या माणसाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. नाव विसरतं, गाव विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नांदेड. आई माझ्याबरोबर आलेली, म्हणून तीही नांदेड; दोघी समोर असलो की ती 'जुनं नांदेड'. आईला त्याचा राग यायचा, पण अप्पा इतक्या आदरानं "जुनं नांदेड, च्या घेणार का?" विचारायचे की ती कप पुढं करायची.

अंगणाच्या प्रश्नात दोन मिस्त्री होते. फरशीचे रसूलचाचा, हे औशाचे. दाढी मेंदीनं लाल, बोलणं लोण्यासारखं. कोब्याचा मारुती गवंडी, हा मुखेडचा. त्याचं बोलणं थापीनं मारल्यासारखं. दोघं आलटून पालटून येत आणि अप्पा दोघांना ओट्यावर बसवून घेत.

रसूलचाचा म्हणत, "अप्पा, फरशी म्हंजे इमान. एक फुटली तर एक काढा, दुसरी बसवा. बाकीच्यांना खबर न्हाई. कोब्याचं तसं न्हाई. एका कोपऱ्याला तडा गेला की सगळ्या अंगणाची तबियत बिघडती."

"हाव, बरोबर हाय," अप्पा म्हणत.

दुसऱ्या दिवशी मारुती म्हणे, "फरशीला जोड. जोडात माती. मातीत गवत, गवतात इंचू. कोबा म्हंजे एकसंध. झाडू मारला की झालं."

"हाव, बरोबर हाय," अप्पा म्हणत.

गंगाक्का आतून म्हणत, "दोन्ही बरोबर हाय तर मी बसू कुठं?"

शेवटी अप्पांनी नमुने करून घेतले. ओट्यापुढं उजवीकडं चार बाय चार फुटांत फरशी, तिला लागूनच डावीकडं तेवढाच कोबा. आणि त्यांच्या आयुष्यातला, मला वाटतं, सगळ्यात सुखाचा काळ सुरू झाला. ते दोन्हींवर तांब्याभर पाणी ओतून घड्याळ लावत. दोन्हींवर नारळ सोडत. गंगाक्कांनी उडदाचे पापड वाळत घातले तर निम्मे इकडं, निम्मे तिकडं. नंतर ते तळून, डोळे मिटून खाऊन, कोणता कुठला ते ओळखायचा प्रयत्न करत. शेजारच्या बिराजदार सरांची म्हैस अर्धा तास फरशीवर आणि अर्धा तास कोब्यावर उभी केली. म्हशीनं कोब्यावर शेण टाकलं. हे कोब्याच्या बाजूचं की विरुद्ध, यावर अप्पा आणि सर दुपारभर बोलत होते.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढून एक पाय इथं, एक पाय तिथं ठेवून उभं राहावं लागे. मग अप्पा समोर बसून विचारत, "उजव्या पायाला काय वाटायलंय? आता डाव्याचं सांगा. घाई करू नका." पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणाची सुटका नव्हती. जे सांगतील ते एसटीच्या जुन्या ड्युटी-वहीत 'शेरा' म्हणून लिहून ठेवलं जाई. पोस्टमनचा शेरा मी वाचलाय: 'उजवा गरम. डावा गरम. उशीर होत आहे.'

श्रावणात एका सोमवारी जंगम स्वामी, लिंगायतांचे गुरू, पाद्यपूजेला आले. वयोवृद्ध, शांत माणूस. गंगाक्कांनी पाट मांडला होता. अप्पांनी तो हळूच बाजूला सारला आणि स्वामींचा एक चरण फरशीवर, एक कोब्यावर ठेवून पूजा मांडली. श्रावण असूनही ऊन चैत्राचं होतं. स्वामी मंत्र म्हणता म्हणता एकेक पाय उचलायला लागले. गंगाक्का पदरात तोंड घालून अप्पांना खुणा करत होत्या. पूजा संपल्यावर अप्पांनी हात जोडून विचारलं, "स्वामीजी, कोणतं ठीक वाटतं?"

स्वामी म्हणाले, "शिव शिव. अप्पा, पाट ठीक वाटतो."

अप्पांनी तेही लिहून घेतलं.

एकदा रविवारी मी गव्हातले खडे वेचत ओट्यावर बसले होते. अप्पा नमुन्यांकडं बघत होते. मी म्हटलं, "स्टँडवर तुम्ही एका मिन्टात ठरवत होता म्हणे. ही गाडी सोडा, ती थांबवा. मग इथंच काय होतंय?"

 अप्पा त्यांच्या नेहमीच्या आवाजाच्या निम्म्या आवाजात म्हणाले, "नांदेड, मी हजारो गाड्या सोडल्या. पण त्यातली एकबी माझी नव्हती. चुकली तर महामंडळाची चुकली." त्यांनी हातानं अंगण दाखवलं. "हे चुकलं तर ह्या बाईचं चुकतंय."

गंगाक्कांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. आतून भाकरी थापायचा आवाज मात्र जरा वेळ थांबला होता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पुढच्या वर्षी आला, पण तोंड दाखवून गेला. अंगणाच्या कोपऱ्यातला आड सगळ्या गल्लीचा होता. त्याचा दोर आधी लांबला, मग त्याला गाठी मारून दुसरा दोर जोडला, आणि शेवटी बादली खाली जाऊन दगडावर वाजायला लागली. गल्लीत टँकर सुरू झाला. कचेरीत मी रोज टंचाईची पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच टंचाईच्या रांगेत घागर लावायची.

आता कोणीही शहाणा माणूस कोब्याचं नाव टाकून देईल. कोबा ओतला की त्याला निदान तीन आठवडे पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो भुसभुशीत होतो. फरशीला तेवढं लागत नाही. रसूलचाचांनी हे नम्रपणे सांगितलं. मारुतीनंसुद्धा मान्य केलं. सगळी गल्ली म्हणाली, चला, दुष्काळानं का होईना, अप्पांचा निकाल लावला.

पण नेमक्या त्याच आठवड्यात गंगाक्का घागर घेऊन त्या बोळकांडातून येताना सांडलेल्या खडीवर पाय घसरून पडल्या आणि त्यांचा डावा हात मनगटात मोडला. घागर पालथी झाली त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. अप्पा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. दोन तासांनी त्यांच्या हाताला प्लास्टर घालून घेऊन परत आले. गंगाक्का खाटेवर पडल्या, आणि अप्पा स्टूल घेऊन त्यांच्या हाताशी बसले. मला वाटलं, बायकोचं दुःख बघतायत. ते प्लास्टर बघत होते. बोटानं टकटक वाजवत होते.

"नांदेड," ते म्हणाले, "डॉक्टरनं फरशी बसवली का?"

"काय?"

"तुकडे जोडत बसला का? न्हाई. ओलं लावलं, सुकू दिलं. एकसंध. मधात जोड न्हाई. मोडलेल्या हाडाला जे चालतं ते अंगणाला चालत न्हाई का?" ते उठून उभे राहिले. "कोबा. ठरलं."

"अहो, प्यायला न्हाई पाणी!" खाटेवरून गंगाक्का म्हणाल्या. "अन् तुम्ही अंगणाला पाजायलाव?"

पण अडीच वर्षांनी सुटलेली गाडी अप्पा परत डेपोत लावणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मारुती आला. आडाच्या तळातलं गढूळ पाणी उपसून त्यानं माल कालवला आणि तीन दिवसांत अंगण ओतून काढलं. परसातली बेलाच्या झाडाखालची माती तेवढी वाचली. उरल्या फरशा आणि आता मोठा प्रश्न, पाणी.

त्यावर अप्पांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. संध्याकाळी टँकरच्या रांगेपुढं उभं राहून त्यांनी हातांचं नरसाळं केलं.

"गल्लीतल्या समस्त पुरुष मंडळींना सूचना. उद्यापासून आंघोळीची सोय आमच्या अंगणात केलेली हाय. ज्यानं त्यानं आपली अर्धी बादली आपण आणावी. साबण आणू नये."

लोक हसले. मग विचार करायला लागले. पाणी तर त्यांचं त्यांनाच वापरायचं होतं. गटारात जायचं ते अप्पांच्या कोब्यावर जाईल, एवढाच फरक. आणि आड अप्पांच्या अंगणातला, इतकी वर्षं सगळ्यांनी त्याचं पाणी नेलेलं. नाही कोण म्हणणार? मारुतीनं कोब्यावर मातीचे बांध घालून वाफे केले होते. सकाळी साडेपाचला पहिली बादली आली.

पुढचे एकवीस दिवस आमच्या दारातलं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. वाफ्यावाफ्यांतून गल्लीतले बाप्ये गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून कांद्याच्या रोपासारखे उभे. ओट्यावर अप्पा, हातात पाटी, पाटीवर खडूनं वेळापत्रक. 'पाच चाळीस, बिराजदार सर, जलद. पाच पन्नास, पोस्टमन, साधी.' कोणी एकाच जागी सगळं पाणी ओतलं की अप्पांचा आवाज यायचा, "उदगीरवाल्यांनी सरकून घ्यावं. तिसरा वाफा कोरडा हाय. तिसरा वाफा!" साबणाचं पाणी सिमेंटला चालत नाही असं मारुतीनं बजावलं होतं, म्हणून कुणी घरूनच साबण चोळून आलेला नाही ना, हे बघायला अप्पा एकेकाच्या खांद्याचा वास घेऊन मग फाटक उघडत. आम्हा बायकांची आंघोळ आपापल्या मोरीत, पण मोरीचं पाणी बादलीत धरून आणून ओतायचं. आई रोज म्हणायची, "नांदेडला असं नव्हतं," आणि रोज बादली न्यायची.

दहाव्या-बाराव्या दिवशी कुणीतरी तक्रार केली की या घरी टंचाईत बांधकामाला पाणी वापरतायत. बांधकामाला बंदी होती. आमच्याच कचेरीतले एक साहेब पाहणीला आले. सकाळची वेळ. अंगणात अकरा माणसं ओली उभी.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"आंघोळ," अप्पा म्हणाले. "आंघोळीला बंदी हाय का साहेब?"

साहेबांनी नियम आठवला. "नाही."

"मग चपला काढून या. हे बगा, चौथ्या वाफ्यात जागा हाय."

साहेब गेले. दुपारी त्यांच्या हस्ताक्षरातला अहवाल माझ्या टेबलावर टाइप करायला आला. 'सदर ठिकाणी बांधकाम आढळून आले नाही. आंघोळ आढळून आली.' मी तो तीन प्रतींत टाइप केला. त्यात एकही चूक होऊ दिली नाही.

बाविसाव्या दिवशी मारुतीनं बांध काढले, अंगण झाडलं आणि हातोडीचा दांडा ठोकून बघितला. खणखणीत. त्यानं आयुष्यात असा कोबा पाहिला नव्हता. गंगाक्का प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, अनवाणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.  आत जाऊन त्यांनी गूळ आणला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. शहाबादी फरशा अप्पांनी गल्लीत वाटून टाकल्या; ज्यानं जेवढे दिवस आंघोळ केली त्यानं त्या मानानं न्याव्यात. आमच्या गल्लीत अजूनही घराघरात धुणं धुवायला तीच फरशी आहे.

गोष्ट इथं संपली असती तर अप्पा सुखी माणूस म्हणून माझ्या लक्षात राहिले असते. पण त्या वर्षी पाऊस आला.

ज्येष्ठातल्या एका दुपारी तो असा आला की समोरचं घर दिसेना. अंगण स्वच्छ धुतलं गेलं. मारुतीनं उतार फाटकाकडं दिला होता. सगळं पाणी एका चादरीसारखं फाटकातून बाहेर घसरत होतं. आम्ही ओट्यावर उभे राहून कौतुकानं बघत होतो. अप्पा एकटे आडाकडं बघत होते. आडात वरून पडेल तेवढंच पडत होतं. बाजूनं थेंब नाही.

ते तसेच खाली उतरले आणि पाण्याच्या मागं निघाले. डोक्यावर काही नाही. फाटकातून बाहेर, गल्लीतून खाली, वळणावरून पुढं. गंगाक्कांनी हाका मारल्या. मी पदर डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं गेले. अप्पा त्या पाण्याचं बोट धरल्यासारखे चालत होते. मोठ्या रस्त्याच्या कडेनं, मोरीखालून, थेट नाल्यापर्यंत. तिथं आमचं पाणी सगळ्या गावाच्या पाण्यात मिसळलं आणि दिसेनासं झालं. अप्पा काठावर उभे राहिले. विभूती ओघळून भुवयांत आली होती.

"दोन वर्षांनी आलं, नांदेड," ते म्हणाले. "अन् आपल्या दारात एक थेंब उतरला न्हाई. थांबाच ठिवला न्हाई आपण."

घरी येऊन, अंगही न पुसता, त्यांनी जाहीर केलं, "कोबा फोडायचा."

गल्ली पेटली. त्याच दिवशी संध्याकाळी सगळे अंगणात येऊन बसले, आणि उठेनात. बिराजदार सर तसे मऊ माणूस, पण ते ताठ उभे राहिले.

"अप्पा, ह्या कोब्यात माझ्या एकवीस आंघोळी हायत. बिनसाबणाच्या! माझ्या अंगाला खरूज उठली तरी मी पाय मागं घेतला न्हाई. तुम्हाला एकट्याला फोडायचा अधिकार न्हाई."

"आड तुमचाबी हाय सर. आडात पाणी नको का?"

"आडाला येईल पाणी. आधी येत नव्हतं का?"

"आधी माती होती. माती पीत होती. आता मी झाकण लावलं."

"मग फरशी का घातली न्हाई?" कोणीतरी ओरडलं.

"फरशी तुमच्या मोऱ्यांत हाय!" अप्पा ओरडले.

पोस्टमन म्हणाला, घरमालकाचं अंगण आहे, त्याचं तो बघेल. लगेच तिघांनी त्याला आठवण करून दिली की तो बारा दिवसच आला होता. मारुतीला बोलावून आणलं तर तो कोब्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आधी माझ्यावर घण घाला." रसूलचाचाही आले. ते फाटकाबाहेरच उभे राहून दाढीवरून हात फिरवत होते. "मी काय सांगत होतो," एवढं ते म्हणाले नाहीत. म्हणूनच मारुतीला जास्त राग आला.

अप्पा मधे उभे होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. हात तोंडाकडं गेले, पण नरसाळं झालं नाही. ते गंगाक्कांकडं वळले.

"तू सांग. तुझं अंगण हाय."

गंगाक्का ओट्यावर परात घेऊन बसल्या होत्या. एवढी माणसं बसलीत तर काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी बेसनाच्या वड्या थापल्या होत्या आणि उलथन्यानं कापत होत्या. आडव्या रेघा झाल्या होत्या, उभ्या चालू होत्या.

"सगळं कामून फोडता?" त्या म्हणाल्या, मान वर न करता. "वडी कापल्यावर परातीतनं पळून जाती का? रेघा पाडा की. जागच्या जागी राहील, अन् मधनं तेल खाली उतरंल." त्यांनी परात तिरकी केली. खरंच, कापलेल्या फटींतून तेल खाली जाऊन काठाशी आलं. "अन् माझा पापडाचा कोपरा सोडा. त्याला हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी परातीत डोकावून पाहिलं. नंतर वड्या खाल्ल्या. खाताना कोणी भांडू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा छिन्नी-हातोडा घेऊन गुडघ्यांवर बसले. खडूनं दोन-दोन फुटांच्या रेघा आखल्या. तीन इंच जाडीचा, एकवीस दिवस पाणी प्यालेला, गल्लीनं वाढवलेला कोबा. तो सहजी तुटणार थोडाच! सकाळभर ठोकून हातभर रेघ पडायची. मजूर लावू दिला नाही. मारुती चार दिवस रुसून बसला, मग आपणच येऊन छिन्नीला धार लावून द्यायला लागला. रसूलचाचा फटींत कोणती वाळू भरायची ते सांगायला लागले. पहिली ओळ पूर्ण झाली तेव्हा ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अप्पा, ही तर फरशी झाली."

"कोबाच हाय," मारुती म्हणाला.

"फरशी."

"कोबा."

अप्पांनी हातोडा खाली ठेवला. दोघांकडं पाहिलं. "हाव, बरोबर हाय," म्हणाले आणि परत ठोकायला लागले.

ते काम त्यांनी पावसाळा, हिवाळा, उन्हाळा केलं. मी कचेरीला निघताना टकटक, परतताना टकटक. हातांना घट्टे पडले, खाकी सदऱ्याच्या कोपरांना ठिगळं आली. पुढच्या पावसाळ्यात आडाला कमरेइतकं पाणी आलं. खरं सांगायचं तर त्या वर्षी लातुरातल्या सगळ्याच आडांना पाणी आलं होतं, ज्यांच्या भोवती काहीच केलं नव्हतं त्यांनाही. बिराजदार सरांनी तसं बोलून दाखवलं. अप्पांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर माझी नांदेडला बदली झाली. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. दारात रिक्षा उभी होती, आई आत बसलेली. पाऊस संपला असं सगळ्यांनीच धरलं होतं, आणि तेवढ्यात कुठूनसा एक ढग आला आणि कोसळला. मी निरोप घ्यायला फाटकातून आत गेले.

अप्पा अंगणाच्या मध्यावर पालथे पडले होते. मी धावत पुढं गेले. मग दिसलं की त्यांचा कान एका फटीला टेकलेला आहे. गंगाक्का त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या, स्वतः भिजत, आणि तोंडानं चालू होतं, "उठा की हो. लोकांना वाटंल गेले. बेलपत्र घेऊन येतील अंगावर वाहायला."

"अप्पा, निघते," मी म्हणाले.

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. मग त्याच बोटानं शेजारची फट दाखवली. मी पदर खोचला, गुडघे टेकले आणि ओल्या सिमेंटला कान लावला. बराच वेळ माझाच श्वास ऐकू येत होता. मग खाली कुठंतरी, फार खोल, कुणीतरी सावकाश घोट घेतल्यासारखा आवाज आला. तो पाण्याचा होता की माझ्या कानाचा, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

"येतो का?" अप्पांनी कुजबुजत विचारलं. त्या माणसाला कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं.

"येतो."

गंगाक्का बोलायच्या थांबल्या. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, छत्री माझ्या हातात दिली, आणि कंबर धरून, एकेक गुडघा टेकत, हळूहळू खाली बसल्या. मग आडव्या झाल्या आणि तिसऱ्या फटीला कान लावला. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. छत्री एकाला पुरेल एवढीच होती. मी ती थोडा वेळ अप्पांवर धरायची आणि थोडा वेळ त्यांच्यावर.